न फिरणाऱ्या डिस्कची निगा

हल्लीं पुष्कळ घरांतून जुन्या संगणकाची हार्ड डिस्क काढून तिच्या जागीं एसएसडी बसविण्याची चाल पडली आहे, व ती योग्यच आहे. जो संगणक सुरू करून चहाचें आधण ठेवून यावें, तोच आतां अर्ध्याएक मिनिटांत कामास उभा राहतो. परंतु वस्तु नवी आली तरी तिची निगा जुन्याच रीतीनें राखली जाते. घरांतील उत्साही चिरंजीव दर महिन्यास ‘डीफ्रॅगमेंट’ करीत बसतात; वडील मंडळी ती वापरून वापरून झिजेल म्हणून धास्तावतात; आणि ज्या गोष्टीची खरोखर धास्ती घ्यावी तिकडे दोघांचेंहि लक्ष नसतें.

हार्ड डिस्कचें कूळ १९५६ सालचें. त्या वर्षीं आयबीएम कंपनीनें रॅमॅक यंत्राबरोबर जी डिस्क बाहेर काढली तींत दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि त्या सर्वांवर मिळून ५० लाख अक्षरें मावत. पुढें आकार तळहाताएवढा झाला तरी तत्त्व तेंच राहिलें : ग्रामोफोनप्रमाणें तबकडी फिरावयाची व वाचणारा कांटा योग्य जागीं सरकावयाचा. एखादी फाइल दहा ठिकाणीं विखुरली असेल तर कांट्याला दहा वेळां धांवावें लागे. म्हणून विखुरलेले तुकडे एकत्र लावण्याचें काम तेथें उपयोगाचें होतें.

एसएसडींत फिरणारें असें कांहींच नाहीं. तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका यांनीं १९८४ सालीं फ्लॅश स्मृतीचा शोध शास्त्रज्ञांपुढें मांडला. तिचा ‘नँड’ हा प्रकार १९८७ सालचा, आणि आज घरोघरच्या एसएसडींत तोच असतो. पुसण्याची क्रिया कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी एका झटक्यांत होते असें वाटून त्यांच्या एका सहकाऱ्यानें हें नांव सुचविलें. सिलिकॉनच्या सूक्ष्म कोठड्यांत इलेक्ट्रॉन कोंडून ठेवावयाचे, आणि ते किती आहेत यावरून मजकूर ओळखावयाचा, हें तिचें मर्म. कोठडीभोंवतीं विजेला अडविणारा एक पापुद्रा असतो. लिहितांना व पुसतांना इलेक्ट्रॉन त्याच पापुद्र्यांतून पार ढकलले जातात, व त्यामुळें तो थोडाथोडा जीर्ण होतो. केवळ वाचल्यानें त्याची झीज जवळजवळ होत नाहीं.

दुसरी एक मौज अशी कीं, पाटीवरचें एकच अक्षर बोटानें पुसावें तशी येथें सोय नाहीं. लिहिण्याचें माप ‘पेज’ आणि पुसण्याचें माप ‘ब्लॉक’. एका ब्लॉकांत शेंकडों पेजें. एक पेज बदलावयाचें झाल्यास नवा मजकूर दुसऱ्या कोऱ्या पेजावर लिहितात, जुन्यावर रद्द झाल्याची खूण करितात, आणि सवडीनें त्या ब्लॉकांतील कामाचीं पेजें अन्यत्र हलवून सबंध ब्लॉक एकदम धुवून काढतात. हा कारभार डिस्कमधील कंट्रोलर आपला आपण करितो. मोठ्या घरांत एकाच माणसावर सगळें काम पडूं नये म्हणून शहाणी गृहिणी जशा पाळ्या लावून देते, तसा तो सर्व ब्लॉकांना काम सारखें वांटतो.

आतां डीफ्रॅगमेंटचा विचार करा. विखुरलेली फाइल वाचावयास येथें कोणाला धांवावें लागत नाहीं. शिवाय संगणकाला जी जागा सलग दिसते ती आंत सलग असतेच असें नाहीं. लाभ नाममात्र, उलट हजारों पेजें फुकट पुन्हां लिहिलीं जातात. विंडोज ८ पासून (२०१२) खुद्द विंडोजची ‘ऑप्टिमाइझ’ ही कळ एसएसडी ओळखून मुख्यतः निराळेंच काम करते, तेव्हां तिला भिण्याचें कारण नाहीं. बाहेरून आणलेल्या डीफ्रॅगच्या प्रोग्रॅमांस मात्र थारा देऊं नये.

तें निराळें काम म्हणजे ट्रिम. आपण फाइल काढून टाकतों तेव्हां संगणक आपल्या यादींतील तिचें नांव तेवढें खोडतो. डिस्कला त्याची वार्ता नसते, आणि ती बिचारी निरुपयोगी मजकूर जपत व हलवीत बसते. ‘ह्या जागा आतां नकोत’ असा निरोप तिला पोंचविणें यास ट्रिम म्हणतात. विंडोज ७ मध्यें (२००९) ही सोय आली. लिनक्सच्या बहुतेक प्रचलित आवृत्त्यांत आठवड्यांतून एकदां हें काम आपोआप होतें. तें चालू आहे एवढें पाहावें, व डिस्कची सुमारें पंधरा टक्के जागा मोकळी राखावी. तुडुंब भरलेल्या डिस्कला मजकूर हलवावयासच जागा उरत नाहीं, आणि ती मंदावते.

परंतु याच ट्रिमची दुसरी बाजू गृहस्थानें नीट समजून घ्यावी. हार्ड डिस्कवरून चुकून पुसलेले मुंजीचे फोटो जाणता माणूस पुष्कळदां परत काढून देई; कारण नांव खोडलें तरी मजकूर तबकडीवर तसाच असे. एसएसडीला एकदां ट्रिमचा निरोप गेला कीं ती तो मजकूर परत देत नाहीं, आणि यथावकाश तो ब्लॉकहि धुवून निघतो. मग कितीहि दुकानांचे उंबरे झिजविले तरी उपयोग नाहीं. शिवाय हार्ड डिस्क जातांना बहुधा खटखटे, कुरकुरे. घरच्यांना चार दिवस आधीं सूचना मिळे. एसएसडी पुष्कळदां निमूटपणें जाते. ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या कंपनीनें नोव्हेंबर २०१९ मध्यें जाहीर केलें कीं, तिच्या मोठ्या यंत्रांतील कांहीं एसएसडी आंतल्या प्रोग्रॅममधील चुकीमुळें ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षें २७० दिवस ८ तास, चालल्या कीं बंद पडतील व त्यांतील मजकूर मिळणार नाहीं. त्या डिस्कांत झिजेचा संबंधच नव्हता. यासाठींच डिस्क बनविणाऱ्या कंपनीनें सुधारलेला अंतर्गत प्रोग्रॅम दिल्यास तो घालून घ्यावा. अर्थात् आधीं मजकुराची प्रत करून.

झिजेच्या भीतीचें उत्तर साध्या त्रैराशिकानें मिळतें. सॅमसंगच्या ८७० ईव्हो या ५०० जीबी डिस्कवर ३०० टेराबाइट लिहिण्याची हमी आहे. घरांत रोज २० जीबी लिहिलें, आणि तें पुष्कळच झालें, तरी वर्षास ७.३ टेराबाइट होतात. तेवढें लिहून व्हावयास चाळीस वर्षें लागतील. कोठडींत चार चार बिट कोंबणाऱ्या स्वस्त क्यूएलसी डिस्कांचें आयुष्य याहून कमी असतें, कारण तेथें भरणीच्या सोळा पातळ्या ओळखाव्या लागतात. तरी घरगुती कामास त्याहि पुरतात. तेव्हां झीज वांचविण्यासाठीं संगणकाच्या नाना सोयी बंद करण्याची खटपट आम्हांस निरर्थक वाटते.

खरी काळजी विजेची. काम चालू असतां वीज गेली तर कंट्रोलरची नोंदवही अर्धवट राहूं शकते. घरगुती डिस्कांत असा धक्का सोसण्याची पुरती व्यवस्था बहुधा नसते. जेथें वीज वारंवार जाते तेथें लहानसा यूपीएस घेणें हाच उपाय.

आणखी एक गैरसमज. आजीच्या आवाजांतील ओव्या, कुलवृत्तांताचें हस्तलिखित, सात-बाराच्या उताऱ्यांच्या प्रती असें सर्व एका एसएसडींत भरून ती बँकेच्या लॉकरमध्यें ठेविली म्हणजे निश्चिंत झालों, असें कित्येकांस वाटतें. परंतु कोंडलेले इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षें हळूहळू झिरपतात, आणि उष्म्यांत अधिक लवकर. जेडेक संस्थेच्या प्रमाणांत अपेक्षा एवढीच आहे कीं, नेमून दिलेलें लेखन पुरें झालेल्या घरगुती डिस्कनें ३० अंश उष्णतेंत विजेवांचून एक वर्ष मजकूर टिकवावा. नवी डिस्क याहून पुष्कळ अधिक टिकवील. पण कपाटांत ठेवावयाच्या प्रतीसाठीं फिरणारी हार्ड डिस्कच बरी. संगणकांतून काढलेली जुनी डिस्क तपासून प्रकृतीनें धड निघाली, तर ती पांच-सहाशें रुपयांच्या आवरणांत घालून याच कामीं लावावी, आणि दुसरी प्रत परगांवच्या मुलीकडे किंवा भावाकडे असूं द्यावी. खंडेनवमीस संगणकाला हळदकुंकू लागतेंच (तें वाऱ्याच्या झरोक्यांपासून जरा दूर लावावें), त्याच दिवशीं नवी प्रत करावी, आणि तींतील चार-दोन फाइली उघडून, आवाज ऐकूं येतो व फोटो दिसतात हें पाहूनच ती कपाटांत ठेवावी.