मागचे ब्रेक आणि ड्रममधली धूळ

जुन्या पिकअपला बहुधा पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात. मागचे कमजोर झाले तरी रिकाम्या गाडीत पत्ता लागत नाही, पुढचे निभावून नेतात. दगा होतो तो माल भरून घाट उतरताना.

ड्रम उघडण्याआधीच बरेचसे निदान होते. पेडल खोल जाते, पण लागोपाठ दोन-तीनदा दाबले की वर येते? मग बहुधा लायनर झिजून शू ड्रमपासून लांब गेले आहेत. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली, तर व्हील सिलिंडर गळतो आहे किंवा अ‍ॅक्सलचे ऑइल सील गेले आहे. तेल प्यायलेले लायनर पुसून भागत नाही, बदलावेच लागतात. काही गाड्यांत वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. तो अडकला असेल तर नवे शू घालूनही फरक पडत नाही, आणि त्याच्याकडे क्वचितच कोणी पाहते.

डॉक्टर म्हणून मला धास्ती वाटते ती पुढच्या पायरीची. ड्रम निघाला की मिस्त्री हवेच्या पाइपने धूळ उडवतो. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात रुतून बसतात; त्यांच्यामुळे होणारा फुप्फुसाचा किंवा त्याच्या आवरणाचा कर्करोग अनेकदा 20 ते 40 वर्षांनी उघडकीस येतो. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही. धूळ पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसावी, फडके पिशवीत बांधून टाकावे. बॅटरी धरायला पोराला जवळ बसवू नये. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवू नयेत.