पक्षी दाखविणारीं माणसें

राजस्थानांतील भरतपूर शहराच्या अगदीं वेशीवर केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचें क्षेत्रफळ जेमतेम २९ चौरस किलोमीटर. हिंवाळ्यांतील पहांटे तेथें दाट धुकें पडतें आणि त्या धुक्यांत दरवाज्यापाशीं सायकलरिक्षांची रांग उभी असते. रिक्षावाल्यांत पुष्कळसे शीख आहेत. नवख्या पाहुण्यास वाटतें कीं, हा मनुष्य आपणांस ओढून नेणार आणि पक्षी मात्र आपण पाहणार. अर्ध्या तासांत त्याचा हा भ्रम फिटतो. रिक्षावाला एकाएकीं पायटे थांबवितो, खालीं उतरतो आणि हलक्या आवाजांत एका झाडाची तिसरी फांदी दाखवितो. पाहुण्याला तेथें वाळक्या सालीच्या तुकड्यापलीकडे कांहींच दिसत नाहीं. मग त्या सालीचा डोळा किंचित् उघडतो. तो रातवा असतो.

यांत चमत्कार कांहींच नाहीं. रातवा हा रात्रीं हिंडणारा पक्षी. दिवसा तो एकच जागा धरून निजतो आणि पुष्कळदां दिवसेंदिवस त्याच फांदीवर परत येतो. घुबडाची ढोलीही सहसा बदलत नाहीं. टपालवाल्याला जशीं गांवांतील घरें ठाऊक असतात, तशीं या वाटाड्याला पक्ष्यांचीं घरें ठाऊक असतात. परंतु हें ज्ञान पुस्तकांतून येत नाहीं. आज फांदी रिकामी दिसली, तर पक्षी हलला कोठें हें शोधावयास त्याला दुपारच्या वेळीं, पाहुणा नसतांना, पुन्हा यावें लागतें. आणि त्या फेरीचे पैसे त्याला कोणी देत नाहीं.

या रिक्षावाल्यांपैकीं अनेकांचें शिक्षण चार बुकांपलीकडे गेलेलें नसतें. उद्यानाच्या अधिकाऱ्यांनीं त्यांना पक्षी ओळखण्याचें शिक्षण दिलें. बाकीचें त्यांनीं शास्त्रज्ञांच्या मागें हिंडून आणि देशोदेशींच्या पाहुण्यांशीं बोलून मिळविलें. म्हणून एकाच तोंडीं हिंदी नांव, इंग्रजी नांव आणि प्रसंगीं लॅटिन नांवही खेळत असतें. उच्चार त्यांचा स्वतःचा असतो, पण पक्षी चुकत नाहीं. पदवीधर पाहुणा येथें पुष्कळदां विद्यार्थी होतो, आणि तें योग्यच आहे.

हें पाणथळ मुळांत शिकारीसाठीं राखलेलें होतें. १२ नोव्हेंबर १९३८ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारींत एका दिवसांत ४,२७३ पक्षी पडले. अशा शिकारींचे आंकडे कोरलेला दगड आजही उद्यानांत उभा आहे, आणि आजचा वाटाड्या पाहुण्याला तोही दाखवितो. सन १९८१ मध्यें राष्ट्रीय उद्यान ठरलें व सन १९८५ मध्यें तें जागतिक वारशाच्या यादींत गेलें.

शिकाऱ्याचें ज्ञान अभ्यासकाच्या कामीं येणें ही गोष्ट आपल्या देशांत नवी नव्हे. बिहारांत मीरशिकार नांवाची एक जमात आहे. पांखरें धरणें हा तिचा वंशपरंपरेचा धंदा. फांसे, जाळीं, पक्ष्याच्या आवाजाची नक्कल आणि तासन् तास निश्चल बसण्याची संवय एवढें या लोकांचें भांडवल. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें स्थलांतरी पक्ष्यांच्या पायांत कडीं घालण्याचें काम मोठ्या प्रमाणावर हातीं घेतलें, तेव्हां पक्षी जिवंत आणि धडधाकट हातीं लागावे म्हणून याच लोकांना बोलावणें गेलें. त्यांपैकीं अली हुसेन यांचें नांव तर पक्षिशास्त्रज्ञांत आदरानें घेतलें जातें. पूर्वीं जो हात पक्षी धरून बाजारांत पाठवी, तोच हात आतां पक्षी धरून, कडें घालून, आकाशांत सोडूं लागला.

आणखी एक गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. थोर पक्षिशास्त्रज्ञ सालीम अली यांच्यापाशीं या विषयाची पदवी नव्हती. सन १९२६ मध्यें मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्यें त्यांना जी जागा मिळाली, तिचें नांवच ‘गाइड लेक्चरर’ असें होतें. म्हणजे त्यांनींही आरंभीं वाटाड्याचेंच काम केलें.

भरतपूरच्या वाटाड्याचें पोट मात्र पाण्यावर आहे. सायबेरियाचा पांढरा क्रौंच येथें हिंवाळा घालवावयास येई. सन १९६५ च्या सुमारास त्यांची संख्या २०० होती. सन १९८५ च्या सुमारास ती ४१ वर आली. सन २००१-०२ च्या हिंवाळ्यानंतर एकही क्रौंच आला नाहीं. केवळ हा पक्षी पाहण्यासाठीं समुद्रापलीकडून माणसें येत, तीं येईनाशीं झालीं. पुढें करौलीकडील पांचना धरणाच्या पाण्यावरून तंटा माजला आणि उद्यानाचें पाणी तुटलें. तळीं कोरडीं पडलीं कीं बदकें वरच्या वर निघून जात आणि रिक्षा दरवाज्याशीं उभ्या राहत. त्या तंट्यांत धरणाकांठच्या शेतकऱ्यांची तहानही खोटी नव्हती. आतां गोवर्धन नाल्यांतून व चंबळेच्या योजनेंतून पाणी आणतात, तरी भाद्रपद सरतांना वाटाड्याची नजर प्रथम पाण्याच्या पातळीकडे जाते, पक्ष्यांकडे नंतर.

ओरिसांत, म्हणजे आजच्या ओडिशांत, चिल्का सरोवराच्या उत्तर कांठीं मंगलाजोडी नांवाचें गांव आहे. पक्षी मारून विकणारांचें गांव म्हणून एके काळीं तें कुप्रसिद्ध होतें. जाळीं तर लावीतच, पण विषही घालीत. सन २००० च्या सुमारास ‘वाइल्ड ओरिसा’ या संस्थेच्या प्रेरणेनें तेथें महावीर पक्षी सुरक्षा समिती स्थापन झाली आणि शिकाऱ्यांनींच राखण आरंभली. हें एका रात्रींत झालें नाहीं. शिकारीचा पैसा रोख हातीं येई. राखणीला आरंभीं कांहींच मिळत नसे. आणि राखणाऱ्याला पकडावे लागत ते बहुधा त्याचेच शेजारी. पुढें पाहुणे येऊं लागले तेव्हां घरांत चूल पेटूं लागली. आज तेच लोक उथळ पाण्यांतून लांब बांबूनें होडी रेटीत नेतात. पट्टकदंब, तलवार बदक, मालगुजा हे पक्षी होडीपासून कांहीं हातांवर निर्भयपणें चरत असतात. पाणकोंबडी लव्हाळ्यांत शिरली, तर ती कोठून बाहेर येईल हें होडीवाला आधींच सांगतो. कारण तिची वाट अडविणें हाच त्याचा जुना धंदा होता. हल्लीं तेथील गणना लाखांच्या घरांत जाते.

या धंद्यांत मोह थोडे नाहींत. छायाचित्र घेणारा पाहुणा चार नोटा अधिक काढतो आणि घरट्याजवळ न्यावयास सांगतो. दुसरा मोबाइलमधून पक्ष्याचा आवाज वाजवितो. बिचारा नर प्रतिस्पर्धी आला असें समजून धांवत येतो व पिलांचें खाणें राहून जातें. चांगला वाटाड्या अशा वेळीं नकार देतो. त्या नकारानें त्याची त्या दिवसाची कमाई बुडूं शकते, हें पाहुण्यानें ध्यानांत ठेवावें.

मंगलाजोडीचा हंगाम कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत. एरवीं होडीवाले मासेमारी करतात. भरतपुरास श्रावण-भाद्रपदांत पाहुणा विरळाच, परंतु बाभळींवर चित्रबलाकांचीं घरटीं पडूं लागतात तीं याच दिवसांत. त्या वेळीं रिक्षावाला एकटाच बांधावरून फेरी मारतो आणि कोणत्या बाभळीवर किती घरटीं आहेत तें मोजून ठेवतो. दिवाळीनंतर पहिला पाहुणा येईल, त्याला कोठें उतरवावयाचें, हें त्याला आतांच ठरवावयाचें असतें.