‘गॅस संपला’ म्हणजे नेमके काय झाले?

एप्रिलच्या मध्यावर घरातील वातानुकूलन यंत्र थंडावा देईनासे होते. दुरुस्ती करणारा कारागीर येतो, हवेच्या झोताखाली हात धरून पाहतो आणि पाच मिनिटांत निदान सांगतो : ‘गॅस संपला आहे, भरावा लागेल.’ काही हजार रुपये खर्ची पडतात, यंत्र पूर्ववत चालू लागते आणि पुढील उन्हाळ्यात त्याच सुमारास तेच निदान पुन्हा ऐकावे लागते. नागपूर असो, दिल्ली असो वा चेन्नई, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की स्वयंपाकाच्या गॅसप्रमाणे एसीचा गॅसही वापराने संपतो, असा समज सुशिक्षित कुटुंबांतही रूढ झाला आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. कारखान्यात भरलेला गॅस यंत्राच्या अखेरपर्यंत पुरावा, अशीच त्याची रचना असते. तो कमी झालाच असेल, तर वापरला गेलेला नसतो. कोठून तरी निसटलेला असतो. आणि पुष्कळदा तो मुळीच कमी झालेला नसतो, बिघाड अन्यत्र असतो.

माठातील पाणी कसे थंड होते, हे सर्वांना ठाऊक आहे. माठाच्या अंगावर पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. वातानुकूलन यंत्राचे तत्त्वही हेच. फरक इतकाच, की माठातून उडालेले पाणी परत येत नाही, म्हणून माठ रोज भरावा लागतो. यंत्रातील शीतक द्रव्य, ज्याला बोलीत गॅस म्हणतात, ते मात्र बंद नळ्यांतून फिरत राहते. खोलीतील कॉईलमध्ये ते कमी दाबाखाली उकळून त्याची वाफ होते व ती खोलीच्या हवेतील उष्णता शोषून घेते. ही वाफ बाहेरच्या युनिटमधील कॉम्प्रेसर दाबतो, त्यामुळे ती अधिकच तप्त होते, बाहेरच्या कॉईलमध्ये पंख्याच्या वाऱ्याने उष्णता टाकून पुन्हा द्रवरूप होते आणि एका अरुंद मार्गातून दाब उतरवीत खोलीकडे परतते. थोडक्यात, यंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते उष्णतेची हमाली करते. ‘टन’ हे मापही या हमालीचेच आहे. सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता त्याच अवधीत बाहेर टाकणारे यंत्र एक टनाचे.

हे चक्र डोळ्यांसमोर ठेवले म्हणजे बिघाड कोठे शोधावयाचा, हे आपोआप स्पष्ट होते. आत उष्णता उचलली जात नसेल, मध्ये ती वाहिली जात नसेल, किंवा बाहेर ती टाकली जात नसेल. गॅसची पातळी ही या तिन्हींपैकी केवळ मधल्या टप्प्याशी संबंधित बाब आहे.

परंतु त्याहीआधी, बिघाड खरोखर आहे काय, हे पाहणे इष्ट. रिमोटवर चुकून ‘फॅन’ किंवा ‘ड्राय’ हा पर्याय निवडला गेला असेल, तर केवळ वारा येतो किंवा थंडावा अपुरा वाटतो. अशा क्षुल्लक कारणासाठीही कारागिराला भेट-शुल्क दिले जाते. वीज जाऊन परत आल्यावर कॉम्प्रेसर सुमारे तीन मिनिटे थांबून मगच सुरू होतो, कारण नळ्यांतील दाब समान होण्यास तेवढा वेळ द्यावाच लागतो. तसेच, यंत्राची नमूद क्षमता बाहेरील तापमान ३५ अंश सेल्सिअस असताना मोजलेली असते. विदर्भात किंवा उत्तर भारतात पारा ४५ अंशांवर गेला, की तेच यंत्र कमी उष्णता वाहून नेते. दुपारी दोन वाजता खोली २४ऐवजी २७ अंशांवर अडली, तर तो दोष यंत्राचा नव्हे. अशा वेळी रिमोटवर १६ अंश लावून विशेष काही साधत नाही. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या, यंत्रात तर खोली लवकर थंड होत नाहीच, केवळ कॉम्प्रेसर विश्रांतीविना चालत राहतो.

खऱ्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा खोलीतील युनिटच्या जाळीत सापडते. उन्हाळ्यात दर पंधरवड्याला जाळी काढून साध्या पाण्याने धुवावी व सावलीत वाळवून बसवावी, एवढी ही देखभाल. पण ती न झाल्यास परिणाम मोठा होतो. धुळीने जाळी बंद झाली, की कॉईलवरून पुरेशी हवा जात नाही, कॉईल शून्य अंशाखाली उतरते आणि तिच्यावर बर्फ साचतो. बर्फ साचला की उरलीसुरली हवाही अडते. घरच्यांना दिसते ते इतकेच, की झोत मंद झाला आहे आणि खोली गरम आहे. येथे गॅस भरणे म्हणजे पडशासाठी चष्मा बदलण्यासारखे आहे. यंत्र तास-दोन तास केवळ पंख्यावर चालवून बर्फ वितळू द्यावा, जाळी धुवावी आणि पुन्हा पाहावे. सुरीने किंवा पेचकसाने बर्फ खरवडण्याचा मोह मात्र आवरावा. कॉईलच्या नळ्यांची भिंत फार पातळ असते, आणि तिला एक भोक पडले की नसलेला गॅसदोष खरोखरीच निर्माण होतो.

बाहेरचे युनिट नजरेआड असल्याने दुर्लक्षित राहते. त्याच्या कॉईलच्या बारीक पात्यांत धूळ, कबुतरांची पिसे, काड्या अडकतात. काही घरांत जागा वाचविण्यासाठी ते लोखंडी पिंजऱ्यात कोंबलेले असते, किंवा त्याच्या पुढ्यात कपडे वाळत घातलेले असतात. उष्णता टाकण्यास वाव नसेल, तर कॉम्प्रेसर तापून स्वसंरक्षणार्थ बंद पडतो आणि निवल्यावर पुन्हा सुरू होतो. ‘सकाळी उत्तम चालते, दुपारी बंद पडते’ या तक्रारीचे हे एक नेहमीचे कारण आहे. समुद्रकिनाऱ्यालगतच्या घरांत खारी हवा या पात्या खाऊन टाकते, म्हणून मुंबई, गोवा किंवा कोकणपट्टीत बाहेरच्या युनिटची धुलाई आतील युनिटइतकीच महत्त्वाची ठरते.

खोलीतील पंखा फिरतो, बाहेरून गुणगुण ऐकू येते, परंतु कॉम्प्रेसर सुरू होत नाही, अशी लक्षणे साध्या यंत्रात दिसली तर संशय प्रथम कपॅसिटरवर घ्यावा. कॉम्प्रेसरला फिरण्यास आरंभीचा रेटा देणारा हा लहानसा डबा उष्णतेने व कमी-अधिक वीजदाबाने कमकुवत होतो. बिघडलेला कपॅसिटर पुष्कळदा वरून फुगलेला दिसतो. त्याची किंमत कॉम्प्रेसरच्या किंमतीचा अल्पसा अंश असते. म्हणूनच ‘कॉम्प्रेसर गेला’ असे कोणी सांगितल्यास, कपॅसिटर मीटरने मोजून पाहिला काय, हा प्रश्न ग्राहकाने अवश्य विचारावा. मोजणी व बदल मात्र जाणकारानेच करावा. वीज बंद केल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार साठून राहतो व त्याचा धक्का प्राणघातक ठरू शकतो.

विजेच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी कधीही दृष्टिआड करू नयेत. एसीचा प्लग किंवा सॉकेट हाताला गरम लागत असेल, काळवंडले असेल, तर जोड सैल आहे असे समजावे व तो दुरुस्त होईपर्यंत यंत्र चालवू नये. एमसीबी वारंवार पडत असेल, तर त्याच्या जागी अधिक अँपिअरचा एमसीबी बसविणे हा उपाय नसून आगीला दिलेले आमंत्रण आहे. तो पडतो, याचाच अर्थ तो आपले काम करीत आहे.

आतील युनिटमधून भिंतीवर पाणी ओघळणे ही पावसाळ्यातील ठरलेली तक्रार. वस्तुतः हवेतील ओल काढणे हे या यंत्राचे मूळ कार्यच होते. १९०२ साली अमेरिकेत विलिस कॅरिअर या अभियंत्याने ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी जी योजना आखली, ती माणसांना गारवा देण्यासाठी नव्हे, तर दमट हवेने कागद फुगून रंगांचे ठसे सरकत होते म्हणून. आजच्या यंत्रातही कॉईलवर साचलेले पाणी तळाच्या पन्हळीतून नळीवाटे बाहेर जाते. त्या नळीत शेवाळ व धूळ यांचा चिखल बसला, किंवा नळीला बाहेर जाताना उतार मिळाला नाही, की पाणी मागे फिरते. नळी स्वच्छ करणे हे काम अर्ध्या तासाचे आहे. त्यासाठी गॅसचा विषय निघण्याचे कारण नाही.

आता खरोखरच गॅस निसटला असल्यास काय? बाहेरच्या युनिटला जोडलेल्या दोन नळ्यांपैकी बारीक नळीवर बर्फ धरणे, कॉईलचा काही भागच थंड असणे, जोडांपाशी तेलकट डाग दिसणे ही त्याची काही चिन्हे. अशा वेळी योग्य क्रम असा, की प्रथम नायट्रोजनचा दाब देऊन व साबणाच्या पाण्याने गळती शोधावी, ती बंद करावी, त्यानंतर व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतील हवा व ओल पूर्णपणे काढावी आणि मगच गॅस वजन करून भरावा. कोणता गॅस व किती ग्रॅम, हे यंत्रावरील पट्टीवर छापलेले असते. दीड टनाच्या घरगुती यंत्रात हे वजन बहुधा एक किलोच्या आतबाहेर असते. अंदाजाने अधिक गॅस भरल्यास थंडावा वाढत नाही, उलट कॉम्प्रेसरवर ताण येतो. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा गॅस १९८७च्या मॉन्ट्रियल करारान्वये टप्प्याटप्प्याने हद्दपार होत आहे. नव्या यंत्रांत आढळणारा आर-३२ सौम्य ज्वलनशील, तर काही यंत्रांतील आर-२९० म्हणजे प्रोपेन पूर्णपणे ज्वलनशील आहे. त्यामुळे एका गॅसच्या यंत्रात दुसरा भरणे, किंवा गॅस असलेल्या नळीवर ज्योत धरून डाग देणे, हे केवळ यंत्राच्या नव्हे, तर माणसांच्या जिवाशी खेळणे होय. पावतीवर गळतीचे ठिकाण, गॅसचा प्रकार व वजन लिहून घ्यावे. पुढील उन्हाळ्यात तीच तक्रार उद्भवली, तर ही पावतीच ग्राहकाची बाजू मांडते.

इन्व्हर्टर यंत्रांत नियंत्रक फलक हा नाजूक भाग. वीजदाबातील चढउताराने, क्वचित आत शिरलेल्या पालीने किंवा मुंग्यांनीही तो निकामी होतो. पडद्यावर दिसणारा दोषक्रमांक यंत्र बंद करण्यापूर्वी टिपून ठेवावा. निदानाचा निम्मा वेळ वाचतो.

दुरुस्ती करावी की नवे यंत्र घ्यावे, याचा निर्णय वयावरून आणि वीजबिलावरून करावा लागतो. हमीपत्र आधी वाचावे, कारण कॉम्प्रेसरची हमी संपूर्ण यंत्राच्या हमीपेक्षा पुष्कळदा दीर्घ असते व ती विस्मरणात गेलेली असते. दहा-बारा वर्षांच्या यंत्राची कॉईल गळू लागली, तर तिच्यावर मोठा खर्च करणे सहसा परवडत नाही. ऊर्जा दक्षता ब्यूरोचे तारांकनाचे निकष वेळोवेळी अधिक कडक झाले आहेत; तेव्हाचे पंचतारांकित यंत्र आजच्या निकषांवर त्याच श्रेणीत बसणार नाही.

बदलीच्या नोकरीत असलेल्यांना गॅस गमावण्याचे आणखी एक निमित्त भेटते, ते म्हणजे स्थलांतर. यंत्र भिंतीवरून उतरविण्यापूर्वी ते चालू स्थितीत ठेवून सर्व गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करता येतो व झडपा बंद करता येतात. याला कारागिरांच्या भाषेत ‘पंप डाऊन’ म्हणतात व त्यास काही मिनिटेच लागतात. घाईत नळ्या थेट सोडल्या, तर गॅस हवेत जातो आणि नव्या गावी पोहोचताच पहिला खर्च तोच ठरतो. तेथे यंत्र बसविताना नळ्यांची टोके नव्याने घडवून घ्यावीत, जोड साबणाच्या पाण्याने तपासावेत आणि झडपा उघडण्यापूर्वी व्हॅक्यूम पंप किमान पंधरा-वीस मिनिटे चालला, याची खात्री घरातील कोणीतरी समोर उभे राहून करून घ्यावी.