तांदूळ, रबर आणि कोलंबो

श्रीलंकेने कोणाशी व्यापार करावा आणि कोणाची जहाजे आपल्या बंदरात येऊ द्यावीत, याची चिंता कोलंबोपेक्षा दिल्ली-मुंबईलाच अधिक, असे कधीकधी वाटते. 'चीनच्या कह्यात गेलेला देश' हा शिक्का तर आपल्याकडे सर्रास मारला जातो. तो मारणाऱ्यांनी १९५२ सालचा एक करार आठवावा, अशी आमची विनंती आहे.

चहा, रबर व नारळ विकायचे आणि त्या पैशावर परदेशचा तांदूळ आणून जेवायचे, ही परकीय अमदानीत बसलेली घडी सिलोनला स्वातंत्र्याबरोबरच वारशाने मिळाली. कोरियन युद्धाची तेजी ओसरताच रबराचे भाव कोसळले. तांदूळ मात्र महाग आणि दुर्मिळ झाला. अमेरिकेकडून मनाजोगते काही मिळेना. तेव्हा डडली सेनानायके यांच्या सरकारने चीनशी सौदा ठरविला. पाच वर्षे दरसाल २ लाख ७० हजार टन तांदूळ घ्यावयाचा व ५० हजार टन रबर द्यावयाचे, आणि रबराला भाव बाजारापेक्षा चढा! हे सरकार कम्युनिस्टांचे कट्टर वैरी. पेकिंगशी त्याचे राजनैतिक संबंधही नव्हते. ते १९५७ साली जुळले. अमेरिकेने रुष्ट होऊन मदत रोखली, तरी सिलोनने शब्द फिरविला नाही. नूतनीकरण होत होत ही व्यवस्था १९८२ पर्यंत टिकली.

अर्थात हा करार म्हणजे कल्पवृक्ष नव्हता. १९५३ मध्ये शिध्याच्या तांदळाचा भाव मापामागे २५ सेंटांवरून ७० वर नेताच देशभर हरताळ पेटला आणि सेनानायके यांना पायउतार व्हावे लागले. परंतु त्या सौद्यात गरज दोन्ही बाजूंना होती. कर्जाच्या व्यवहारात ही बरोबरी उरत नाही. हंबनटोटा बंदर २०१७ साली ९९ वर्षांच्या कराराने चिनी कंपनीकडे गेले, हे खरेच. पण २०२२ मध्ये श्रीलंकेने परकीय कर्जाची फेड थांबविली, तेव्हा त्या कर्जातील सर्वांत मोठा वाटा खुल्या बाजारात विकलेल्या रोख्यांचा होता, चीनचा नव्हे. शिक्का मारताना हा तपशील सोयीस्करपणे गाळला जातो.

त्या संकटात भारताने सुमारे ४ अब्ज डॉलरांचा हात दिला, याचा आम्हांला अभिमान आहे. मात्र तेवढ्यावरून शेजाऱ्याच्या इतर गिऱ्हाइकांची यादी तपासण्याचा हक्क आपणांस मिळाला, हे आम्हांला मान्य नाही. १९५२ साली नेमका हाच हक्क अमेरिका सांगत होती.