वाळा आणि हिना : ऋतू पाहून अत्तराची निवड

लग्नसराई आणि सणवारांच्या खरेदीत अत्तराची कुपी ही रकमेने लहान, पण निवडीस कठीण वस्तू होय. पेढीवर बसताना लावायचे आणि व्याह्यांना भेट द्यायचे अत्तर एकच असावे, असे नाही. ऋतू व प्रसंग पाहून निवड केल्यास तोच पैसा अधिक कारणी लागतो. या दृष्टीने वाळा (खस) आणि हिना या दोन जुन्या अत्तरांची तुलना उपयुक्त ठरेल.

दोन्हींसाठी उत्तर प्रदेशातील कनौज प्रसिद्ध आहे. तेथे तांब्याच्या डेगेत सुगंधी द्रव्य व पाणी घालून, झाकण मातीने लिंपून मंद आच देतात. वाफ बांबूच्या नळीवाटे ‘भपका’ नावाच्या तांब्याच्या भांड्यात उतरते. अत्तरासाठी त्यात परंपरेने चंदनतेल ठेवलेले असते. ते सुगंध धरून ठेवते. ‘रूह खस’ मात्र चंदनाच्या आधाराविना, केवळ मुळांतील तेलाचे असते.

वाळ्याचा गंध ओल्या मातीची आठवण देणारा, शांत आणि संथ असतो. उष्णतेने सुगंधी द्रव्ये वेगाने उडतात; त्यामुळे वैशाखात उग्र अत्तर शेजारच्याला नकोसे होते. दिवसाचे कामकाज, सकाळचे समारंभ आणि दाटीची बैठक यांसाठी वाळाच योग्य.

हिना अत्तर जटामांसी, नागरमोथा, कपूरकाचरी, लवंग, वेलदोडा अशा अनेक द्रव्यांच्या मेळातून बनते. मेंदीच्या फुलांचे ‘गुल-हिना’ याहून निराळे. हिनाचा गंध उबदार व भारदस्त असतो. थंडीत गंध मंद पसरतो, म्हणून मार्गशीर्ष-पौषातील सायंकाळ, शाल-शेला आणि विवाहाचा स्वागतसमारंभ यांत तो शोभतो. तेथेही एक थेंब पुरे.

आपल्या घरांत मात्र आणखी दोन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. पहिला अहिंसेचा. पूर्वी हिनासारख्या मिश्रणांत कस्तुरीही पडत असे. कस्तुरीमृगाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तसेच ओलावा निघून जावा म्हणून अत्तर चामड्याच्या कुप्पीत मुरवण्याची जुनी रीत आहे. वाळ्यासाठीही मुळे खणावी लागतात. काय चालेल, हे आपापल्या नियमांनुसार ज्याने त्याने ठरवावे. परंतु माहिती घेऊन ठरवावे.

दुसरा प्रश्न व्यवहाराचा. चंदनतेल महागल्याने त्याऐवजी द्रवरूप पॅराफिनही वापरले जाते. त्याचे अत्तर स्वस्तात मिळत असेल तर तक्रार नाही. पण चंदनाचा भाव देऊन पॅराफिन घेणे हा तोट्याचा सौदा. आधारतेल कोणते, हे पावतीवर लिहून मागावे. एका मनगटावर एकच अत्तर लावून बाजारात फेरी मारावी आणि तासाभराने पुन्हा हुंगून मगच तोळ्याचा भाव ठरवावा. सचोटीच्या दुकानदारास या विचारणेचा राग येत नाही. आपणही व्यापारीच आहोत, हे तो जाणतो.