फ्रेम फ्रेमची वाट पाहते

एक्स२६४ या व्हिडिओ एन्कोडरला एकच थ्रेड वापरायला सांगितलं आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रत्येक कोअरचा आलेख वेगळा लावला, की काम या कोअरवरून त्या कोअरवर उड्या मारताना दिसतं. बाकीचे जवळजवळ रिकामेच. मर्यादा काढली की सगळे चौकोन भरतात, पंख्याचा आवाज चढतो, सेकंदाला होणाऱ्या फ्रेमचा आकडा झपाट्याने वाढतो. आता ‘नो-एएसएम’ हा पर्याय द्या. आलेख तसेच काठोकाठ भरलेले, पण आकडा एकदम खाली! कोअर गुंतलेले दिसले म्हणजे काम वेगानं होतंच असं नाही, हे मला या प्रयोगातूनच नीट उमगलं.

त्या पर्यायानं बंद पडतो तो कोअरच्या आतला समांतरपणा. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये २०,७३,६०० पिक्सेल असतात. एन्कोडर त्यांचे १६ बाय १६चे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याशी मिळताजुळता भाग आधीच्या फ्रेममध्ये शोधतो. एका तुलनेला २५६ वजाबाक्या, शिवाय त्यांची बेरीज. आणि अशा तुलना एकेका तुकड्यासाठी कितीतरी. १९९७मध्ये पेंटियमवर एमएमएक्स हा सूचनासंच आला, तेव्हा ६४ बिटांच्या रजिस्टरात ८ पिक्सेल एकत्र मावू लागले. नंतरच्या एसएसई२नं हीच गणितं १२८ बिटांच्या रजिस्टरात शक्य केली. आता तुकड्याची अख्खी ओळ, १६ पिक्सेल, एका सूचनेत वजा होऊन बेरजेसह बाहेर येते. एक्स२६४च्या प्रोग्रामरांनी अशी कळीची गणितं असेम्ब्लीत हातानं लिहिली आहेत; ‘नो-एएसएम’ बंद करतो ती हीच. त्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

कोअरमध्ये काम वाटणं त्याहून अवघड. फ्रेमचे आडवे काप करून एकेक कोअरला देता येतात, पण कापाच्या सीमेपलीकडच्या पिक्सेलांवरून अंदाज बांधता येत नाही आणि फाइल फुगते. म्हणून एक्स२६४ सहसा दुसरी वाट धरतं: प्रत्येक थ्रेडला वेगळी फ्रेम. पुढच्या फ्रेमला मागच्या फ्रेमचा आधार लागतो. मात्र मागची पूर्ण होईपर्यंत थांबावं लागत नाही, हव्या तेवढ्या ओळी झाल्या की पुरे. त्यासाठी खालच्या दिशेचा शोध आखडता घ्यावा लागतो. कमी उंचीच्या व्हिडिओत मुळात ओळीच थोड्या, म्हणून तिथे जास्तीचे कोअर फारसे कामी येत नाहीत.

जीन अॅमडाल यांनी १९६७मध्ये मांडलेला हिशेब इथेही लागू पडतो. कामाचा १० टक्के भाग एकामागून एकच होणारा असेल, तर कितीही कोअर जोडा, वेग १० पटींपलीकडे जात नाही.

म्हणून लहान क्लिपांचा ढीग समोर असेल तर मी एकाच एन्कोडरचे थ्रेड वाढवत बसत नाही. थ्रेड कमी ठेवून दोन-तीन एन्कोडर शेजारी शेजारी चालवतो. वेगळ्या क्लिपांमध्ये एकमेकांवर अवलंबून राहण्यासारखं काहीच नसतं. रॅम पुरेशी आहे आणि डिस्क मागे पडत नाही, एवढंच बघायचं.