गाडी ‘टोटल लॉस’ झाली म्हणजे भंगारात गेली का?

आज गाडीबद्दल बोलायचं आहे. आपल्या बऱ्याच गटांकडे आता एखादा छोटा हत्ती नाहीतर पिकअप असतो. कुणी त्यातून भाजी बाजारात नेतं, कुणी दुधाचे कॅन, कुणी पापड-मसाल्याचे खोके. गाडी बहुतेक वेळा जुनीच घेतलेली असते आणि कर्जाचे हप्ते चालू असतात. अशा गाडीला अपघात झाला किंवा ती पुरात बुडाली, की काही दिवसांनी विमा कंपनीकडून निरोप येतो, “तुमची गाडी टोटल लॉस आहे.” हा शब्द ऐकला की गाडी संपलीच असं वाटतं. मग समोर येईल त्या कागदावर सही होते, आणि खरं नुकसान तिथे होतं.

टोटल लॉस म्हणजे गाडी मेली असा दाखला नव्हे. तो एक हिशोब आहे. विम्याच्या कागदावर ‘आयडीव्ही’ नावाचा एक आकडा असतो, म्हणजे कंपनीने आणि आपण मिळून ठरवलेली गाडीची किंमत. दुरुस्तीचा आणि गाडी ओढून आणण्याचा खर्च या आकड्याच्या 75 टक्क्यांच्या वर गेला, की कंपनी तिला टोटल लॉस धरते. दोन लाख आयडीव्ही असेल तर दीड लाखाला रेषा ओढलेली आहे. गॅरेजने एक लाख पासष्ट हजारांचा अंदाज दिला, तर गाडी रेषेच्या पलीकडे गेली. ती दुरुस्त होऊ शकत नाही असं यात कुणीही म्हटलेलं नाही.

आता यातली मेख ऐका. विमा घेताना हप्ता कमी बसावा म्हणून एजंट आयडीव्ही खाली आणतो आणि आपणही खूश होतो. त्याच गाडीची आयडीव्ही दोन लाखांऐवजी एक लाख वीस हजार लावली, तर रेषा नव्वद हजारांवर येते. म्हणजे पंचाण्णव हजारांच्या दुरुस्तीलाही गाडी टोटल लॉस, आणि हातात येणार ते एक लाख वीस हजारांच्या आतच. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला किंमत कशी उतरते याचा तक्ता ठरलेला आहे. सहा महिन्यांच्या आत 5 टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला 50 टक्के. पाच वर्षांच्या पुढे मात्र ती आपल्या आणि कंपनीच्या संमतीने ठरते. म्हणून जुन्या गाडीचा विमा भरताना हा आकडा बघूनच सही करा. आणि एकदा तो ठरला, की वर्षभर तोच धरायचा असतो. अपघातानंतर “गाडी जुनी झाली, आता इतके मिळणार नाहीत” असं कुणी म्हणालं, तर टोटल लॉसच्या दाव्यात त्यातून आणखी घसारा कापता येत नाही हे त्याला सांगा.

पैसे घ्यायच्या दोन वाटा असतात. गाडी कंपनीच्या हवाली करायची आणि आयडीव्ही घ्यायची. किंवा मोडकी गाडी आपल्याकडेच ठेवायची, आणि तिची भंगार किंमत वजा करून उरलेले पैसे घ्यायचे. दोन्हींत पॉलिसीवर लिहिलेली आपल्या वाट्याची थोडी रक्कम कापली जाते. ती हजार रुपये धरू. भंगार किंमत सत्तर हजार ठरली असेल, तर गाडी दिली की एक लाख नव्व्याण्णव हजार मिळतात आणि ठेवली की एक लाख एकोणतीस हजार.

पुष्कळ जणींना दुसरी वाट फायद्याची वाटते. गाडीही राहिली आणि लाखभर रुपयेही आले! पण हिशोब असा मांडा : गाडी ठेवली म्हणजे तुम्ही तुमचीच मोडकी गाडी कंपनीकडून सत्तर हजारांना विकत घेतली. आता ती रस्त्यावर आणायला किती लागतील? ओळखीच्या मिस्त्रीने जुने-नवे भाग घालून पंचाण्णव हजार सांगितले. गाडी उघडल्यावर आकडा वाढतोच, म्हणून मी तरी वीस हजार वेगळे धरते. झाले एक लाख पंच्याऐंशी हजार. शिवाय गाडी दीड-दोन महिने उभी राहील, तेवढे दिवस माल भाड्याच्या गाडीने जाईल. ही सगळी बेरीज करा आणि तशाच वयाची, अपघात न झालेली गाडी आज बाजारात कितीला मिळते ते विचारा. ती नावावर करून घेण्याच्या खर्चासकट सव्वादोन-अडीच लाखांना असेल, तर आपली ठेवण्यात अर्थ आहे. पण दुरुस्तीच एक लाख चाळीस हजारांवर जात असेल, तर तुमची मोडकी गाडी दोन लाख दहा हजारांना पडली आणि तिच्या विक्रीवर अपघाताचा डाग कायमचा राहिला. अशी गाडी सोडून द्यावी. घरातल्या पुरुषमंडळींचा गाडीवर जीव असतो, ते “आपल्या हाताखालची गाडी आहे” म्हणतील. पाटीवर आकडे मांडून दाखवा.

भंगार किंमत हा आकडा कंपनी साधारणपणे जुन्या गाड्या घेणाऱ्यांच्या बोली मागवून ठरवते. त्या बोली बघायला मागा. गाडी ठेवायची असेल तर ही किंमत जितकी कमी तितका आपला फायदा, द्यायची असेल तर तिच्याशी आपला संबंध नाही.

आरसी बुकाबद्दल विचारल्याशिवाय सही करूच नका. टोटल लॉसचा निकाल ‘आरसीसह’ होतो किंवा ‘आरसी रद्द करून’ होतो. आरसी रद्द झालं, की गाडी कितीही छान दुरुस्त केली तरी रस्त्यावर आणता येत नाही, तिचे फक्त सुटे भाग विकता येतात. मोटार वाहन कायदा 1988 मध्येच आहे, की गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायचं. आपली गाडी तशी निकामी नाही, ती आपण दुरुस्त करून चालवणार आहोत, हे कंपनीला अर्जात लिहून द्या आणि संमतीपत्रात ‘आरसीसह, गाडी मालकाकडे’ असे शब्द आहेत का ते वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शाळेतल्या मुलीकडून वाचून घ्या, पण एजंट तोंडी सांगतो त्यावर जाऊ नका.

गाडी कंपनीला किंवा भंगारवाल्याला द्यायची ठरली, तरी आरसीचा प्रश्न सुटत नाही. आरटीओचे फॉर्म 29 आणि 30 कोरे सही करून मागतात, “बाकी आम्ही भरतो” म्हणतात. देऊ नका. टोटल लॉस गाडीचे कागद आणि चॅसिस नंबर चोरीच्या गाडीला लावून ती विकायची, ही जुनी लबाडी आहे. तसं झालं तर पोलीस आरसीवर ज्या बाईचं नाव आहे तिच्या दारात येतात. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरलेले फॉर्म द्या, त्यांची झेरॉक्स ठेवा आणि गाडी खरंच त्याच्या नावावर चढली किंवा नोंद रद्द झाली, हे आरटीओत जाऊन बघा.

कर्ज असेल तर आरसीवर बँकेचा बोजा असतो, आणि विम्याचे पैसे आधी बँकेकडे जातात. कर्ज दीड लाख उरलं आहे आणि गाडी ठेवल्यामुळे एक लाख एकोणतीस हजारच आले, तर ते सगळे बँकेत जाऊन वर एकवीस हजारांचं कर्ज शिल्लक, आणि दुरुस्तीला हातात काहीच नाही. ही गोष्ट बँकेशी आधी बोलायची असते. गाडी गटाची पण आरसी एका मैत्रिणीच्या नावावर, असंही खूप ठिकाणी आहे. तेव्हा काय करायचं याचा ठराव बैठकीत करा आणि वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. नाहीतर चार महिन्यांनी बोलणी एकटीला बसतात.

काही जणी विचारतात, की सर्व्हेअरला सांगून अंदाज कमी करून घेतला आणि साधा दुरुस्तीचा दावा केला तर? नव्या गाडीला ते ठीक आहे. जुन्या गाडीला दुरुस्तीच्या दाव्यात घसारा जबर कापतात. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरीवर निम्मे, पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या लोखंडी भागांवर 40 टक्के, दहाच्या पुढे 50 टक्के. शिवाय मालवाहू गाडीच्या विम्यात दिवे, बंपर, मडगार्ड, टायर, रंग यांचं नुकसान साधारणपणे धरतच नाहीत. त्यासाठी ‘आयएमटी 23’ नावाचं जादा कलम घेतलेलं असावं लागतं. टोटल लॉसमध्ये मात्र ही कापाकापी नसते. तेव्हा टोटल लॉस हे नेहमी वाईटच, असं नाही.

आता दुरुस्तीकडे येऊ. पहिला प्रश्न चॅसिसचा. चॅसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, वाकला असेल तर वरून कितीही डेंटिंग-पेंटिंग करा, गाडी एका बाजूला ओढणार आणि टायर एका कडेने खाणार. ओळखायची साधी युक्ती आहे. सांगाड्याचे पुढचे-मागचे सारखे बिंदू धरून मिस्त्रीला आडवा-तिरका फुलीसारखा दोरा लावायला सांगा. दोन्ही तिरकस मापं सारखी आली नाहीत, तर सांगाडा तिरपा झालाय. हे माप पैसे घ्यायच्या कुठल्या वाटेने जायचं ते ठरवण्याआधी घ्यायचं, कारण त्यावरच सगळा हिशोब उलटतो.

दरवाजे, केबिनचा पत्रा, हौदा, आरसे, बॉनेट हे जुन्या बाजारातून घ्यायला हरकत नाही. ब्रेकचे पाइप, स्टिअरिंगचे जोड, सीटबेल्ट कधीही जुने घेऊ नका. अपघातात ज्या पट्ट्याने माणूस धरून ठेवला, तो पट्टाही बदलायचा. जुनं इंजिन बसवलं तर त्याचं पक्कं बिल घ्या आणि आरटीओत नंबर चढवून घ्या. बिल नसलेलं स्वस्त इंजिन चोरीचं निघू शकतं. काम झाल्यावर बदललेले जुने भाग मिस्त्रीकडून परत मागा, म्हणजे खरंच बदलले की नाही ते कळतं.

पुराची गाडी वेगळी. जुलै 2021 मध्ये चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या चिखलात उभ्या होत्या. अशा वेळी पाणी ओसरल्यावर ‘चालू होते का बघू’ म्हणून चावी फिरवायची नाही. पाणी आत असताना इंजिन फिरलं तर आतले दांडे वाकतात, आणि ते नुकसान तुम्ही केलंत म्हणून कंपनी हात वर करते. बॅटरीची वायर काढा, फोटो काढा, गाडी ओढून न्या. तेल काढून बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे. इंजिन धुऊन निघतं, पण वायरिंगचे जोड महिन्या-दोन महिन्यांनी हिरवे पडून एकेक दगा देऊ लागतात. पाणी केबिनमध्ये डॅशबोर्डपर्यंत चढलं असेल, तर गाडी ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू नका, आणि गॅरेजवाला गाडी उभी ठेवण्याचं रोजचं भाडं लावतो का ते पहिल्याच दिवशी विचारा. दावा लांबला की तेच बिल डोईजड होतं.

गाडी तयार झाली की थेट बाजाराला नेऊ नका. टोटल लॉसचे पैसे दिल्यावर कंपनी पॉलिसी संपवते. म्हणजे थर्ड पार्टी विमाही गेलेला असू शकतो. हे लेखी विचारा आणि नसेल तर नवा काढा. विना विमा पहिल्यांदा सापडलात तर दोन हजार दंड, पुन्हा सापडलात तर चार हजार, तुरुंगवासही होऊ शकतो. पण दंड किरकोळ म्हणायचा. अशा गाडीखाली कुणी आलं तर भरपाई मालकाच्या घरादारावर येते. पूर्ण विमा पुन्हा हवा असेल तर कंपनी आधी गाडी तपासेल. मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी लागतं, तीही तारीख बघा. आठ वर्षांच्या पुढच्या मालवाहू गाडीला आपल्या राज्यात पर्यावरण कर आहे, तो हिशोबात धरा.

कंपनीशी पटलं नाही तर आधी तिच्या तक्रार विभागाला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. आपल्याकडे त्यांची कार्यालयं मुंबईत, ठाण्यात आणि पुण्यात आहेत. फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या उत्तरानंतर वर्षाच्या आत जायला हवं. विमा नियामकाचा तक्रार क्रमांक 155255 आहे. फोन करताना पॉलिसी नंबर आणि दाव्याचा नंबर समोर ठेवा, पहिल्या मिनिटाला तेच विचारतात.